राखून ठेवलेलं

रात्री पावणेदोन. परळ.
रक्तपेढीच्या तळमजल्यावर दोन फ्रीज
आळीपाळीने घोरतायत.
प्रणिता तांडेल, नाइटची टेक्निशियन, म्हणते,
"अर्धा तास देते. मागणी आली
तर तुझं ते अपडेट-बिपडेट गेलं खड्ड्यात."

आधी नुसती यादी ताजी करते.
त्याने काहीच बदलत नाही.
बाजारभर भाव विचारत हिंडावं
आणि रिकामी पिशवी घेऊन परतावं, तसं.

मग खरी निवड.
साधं अपग्रेड भिडस्त आहे,
आहे त्यालाच नवं करतं, कुणाला घराबाहेर काढत नाही.
फुल-अपग्रेडला भीड नाही.
जागा हवी झाली की जुन्याचं बखोट धरतं.
आणि सगळ्यालाच आधी हो म्हणून टाकायचा
तो एक पर्याय, उणे वाय,
जो माझ्या आधीच्या मुलाने एका गुरुवारी वापरला
आणि शुक्रवारभर अख्खी पेढी
पिशव्यांवर हाताने नंबर लिहीत बसली.

म्हणून मी आधी लुटुपुटीचं चालवते.
दोनशे चौदा नवी होतील.
फुल म्हटलं तर तीन जातील.
एक राखून ठेवलेलं.

लेबल प्रिंटरचा ड्रायव्हर.
कुणी राखला, का राखला, काही नाही.
होल्डला कारण लिहायला जागाच नसते.

डाबरे असणार. हिलरी डाबरे, निर्मळचे.
मी येण्याआधीच निवृत्त झालेले.
त्यांचं मी पाहिलेलं एवढंच:
रॅकच्या दाराआत, पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीखाली,
ठसठशीत अक्षरात,
"ह्या पंख्याचे तोंड भिंतीकडे करू नये."
पंख्याचं कारणही लिहिलेलं नाही.
मी एकदा केलं होतं तोंड भिंतीकडे.
परत फिरवलं.

साधं अपग्रेडच, ठरलं.
पुढे जायचं? विचारतंय. मोठा वाय, लहान एन.
प्रश्नातच मान होकाराकडे कललेली,
नुसतं एंटर दाबलं तरी हो.
दाबलं.

नव्वद. एकशे दहा. ओळी सरकतात.
तांडेल चहाचे दोन कप ठेवून जाते, एक तिचाच,
विसरून.
एकशे साठला सगळं थांबतं.

छपाईची एक फाइल
इथल्या कुणीतरी हाताने बदलली आहे.
तुमची ठेवायची, की आमची घ्यायची?

आणि इथे मात्र नुसतं एंटर म्हणजे
तुमची राहू द्या.
कुठल्या देशात, कुठल्या टेबलाशी बसून
कुणी ठरवलं असेल हे,
परळच्या डाबऱ्यांची बाजू न बघता घेणं?

मी दोन्हींतला फरक मागते.
त्यांची फाइल धुतल्या तांदळासारखी.
आमच्या फाइलीत, यंत्र वाचत नाही
अशा खुणेमागे, रोमन लिपीतलं मराठी,
अडखळत वाचावं लागणारं:

लहान मुलांची पिशवी छोटी.
लेबल दोन मिलिमीटर वर घेणे,
नाहीतर रक्तगट शिवणीत जातो.
नवा ड्रायव्हर हे ऐकत नाही.
जुना राखला आहे.
वाळिंबे सिस्टरनी दाखवून दिले, त्यांचे आभार.

मी एंटर दाबते.

शेवटी ते अकरा नावं पुढे करतं:
यांची आता कुणालाच गरज नाही, काढू?
असतील नसतील. सोमवारी बघू.
दोन दहाला फोन वाजतो,
तांडेल पेन तोंडात धरून गट लिहून घेते, ओ निगेटिव्ह, छोटी.
प्रिंटर खाकरतो.
लेबल येतं ते दोन मिलिमीटर वर.
ती ते बघतही नाही, चिकटवते, निघते.

तिचा चहा मी पिऊन टाकते.
मग फाइल उघडून, त्यांच्या ओळींखाली,
तीच खूण घालून, तारीख घालून लिहिते:
अजूनही ऐकत नाही का, ते तपासायचं राहिलं आहे.
आणि पंख्याचं विचारायचं आहे.